‘निष्काळजीपणा’ या शब्दाआड दडलेली कारणे

वाशीम, प्रतिनिधी

खरीप हंगाम मध्यावर आला की वाशीम जिल्ह्यातील शेतशिवारात फवारणीची लगबग सुरू होते. दसरा जवळ येताच सोयाबीनची सोंगणी आणि पाठोपाठ मळणी सुरू होते. याच काळात ग्रामीण रुग्णालयांच्या दारात दोन प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. फवारणी करता करता भोवळ येऊन पडलेला मजूर हा पहिला आणि मळणीयंत्रात हात गेलेला मजूर हा दुसरा. दोघांच्याही कागदपत्रांत कारणाच्या रकान्यात बहुधा एकच शब्द लिहिला जातो, तो म्हणजे ‘निष्काळजीपणा’. हा शब्द लिहिला गेला की चौकशी संपते, फाईल बंद होते आणि पुढील हंगामात तसाच रुग्ण त्याच दारात पुन्हा येतो.

अपघाताचे कारण शोधणे आणि अपघाताचा दोष कोणाच्या तरी माथी मारणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोष ठरविला की शिक्षा करता येते. अपघात थांबवायचा असेल, तर कारणच शोधावे लागते. विदर्भाने २०१७ मध्ये यवतमाळच्या फवारणीकांडात या भेदाची फार मोठी किंमत मोजली. यवतमाळला लागून असलेल्या वाशीम जिल्ह्याने त्या घटनेतून नेमके काय घ्यावे, हा प्रश्न त्यानंतरच्या प्रत्येक हंगामात तितकाच ताजा राहिला आहे.

यवतमाळमध्ये काय घडले?

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी व शेतमजूर एकामागून एक आजारी पडू लागले. मळमळ, उलट्या, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आणि श्वास घेण्यास त्रास अशी लक्षणे घेऊन ते यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल होत होते. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक जणांचा बळी गेला आणि सुमारे आठशे जणांना उपचार घ्यावे लागले. संपूर्ण विदर्भाचा विचार करता मृतांची संख्या पन्नासच्या घरात गेल्याचे सांगितले गेले. रुग्ण पावसाळ्यापासूनच येत होते. या प्रकाराचे गांभीर्य राज्याच्या ध्यानी आले, तेव्हा मात्र ऑक्टोबर उजाडला होता.

त्यानंतर राज्य सरकारने अमरावतीचे तत्कालीन विभागीय आयुक्त पीयूष सिंह यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमले. मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली. कृषी सेवा केंद्रांवर छापे पडले, काही परवाने रद्द झाले. हे सारे सुरू असताना सार्वजनिक चर्चेचा सूर मात्र एकाच दिशेने वाहत होता. शेतकऱ्यांनी हातमोजे घातले नाहीत, तोंडाला मुसके बांधले नाही, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी केली, दोन-तीन औषधे मनाने एकत्र केली, असा तो सूर होता. उत्पादक कंपन्यांनी हेच म्हटले, विक्रेत्यांनी हेच म्हटले आणि सरकारी फलकांवरही हेच झळकले.

यातील एकही विधान खोटे नव्हते. पण हे खरे असूनही ते पुरेसे नव्हते, हा खरा मुद्दा आहे. मुसके न बांधता फवारणी करण्याची रीत २०१७ मध्ये जन्मास आलेली नव्हती. त्या आधीच्या दहा-वीस वर्षांतही शेतकरी उघड्या अंगानेच फवारणी करीत होता. मग त्याच वर्षी इतकी माणसे का दगावली? जी गोष्ट दरवर्षी सारखीच असते, ती एकटी एका वर्षीच्या वेगळ्या परिणामाचे कारण ठरू शकत नाही. त्या वर्षी आणखी काहीतरी बदललेले असले पाहिजे. चौकशीची खरी सुरुवात या प्रश्नापासून होते.

‘का?’ची साखळी

जपानमधील टोयोटा कारखान्यात बिघाडाच्या मुळाशी जाण्यासाठी एक साधी पद्धत रूढ झाली. बिघाड झाला की ‘का?’ असा प्रश्न विचारायचा. मिळालेल्या उत्तरावर पुन्हा ‘का?’ विचारायचा, आणि असे निदान पाच वेळा करायचे. पहिल्या उत्तरात बहुधा माणूस सापडतो, पाचव्या उत्तराशी पोहोचेपर्यंत व्यवस्था सापडते. ही पद्धत यवतमाळच्या प्रकरणाला लावून पाहिली, तर चित्र बदलू लागते.

मजुराला विषबाधा का झाली? औषधाचे तुषार त्याच्या त्वचेवर पडले आणि श्वासावाटे आत गेले. ते इतक्या प्रमाणात का गेले? त्या वर्षी अनेक शेतांत कपाशी माणसाच्या उंचीइतकी, कोठे त्याहूनही उंच वाढली होती. झाडे दाट होती, त्यामुळे पंपाची नळी खाली न राहता डोक्याच्या पातळीवर धरावी लागत होती आणि उडालेले औषध अंगावरच येत होते. हवेत उकाडा आणि दमटपणा होता. घामाने ओली झालेली त्वचा आणि भिजलेला सदरा औषध शोषून घेण्यास अनुकूल ठरतो. बॅटरीवर चालणाऱ्या स्वस्त पंपांमुळे तुषार बारीक होऊन हवेत अधिक काळ तरंगत राहिले, याकडेही त्या वेळी लक्ष वेधले गेले.

मग फवारणी इतक्या वेळा का करावी लागली? त्या वर्षी कपाशीवर रस शोषणाऱ्या किडींबरोबर गुलाबी बोंडअळीचा मोठा उद्रेक झाला. बोंडअळीपासून संरक्षण देणारे म्हणून बीटी कापसाचे बियाणे देशात २००२ मध्ये आले आणि त्याची दुसरी पिढी २००६ मध्ये बाजारात आली. गुलाबी बोंडअळीने या दुसऱ्या पिढीलाही दाद देणे बंद केल्याचे २०१७ पूर्वीच दिसू लागले होते. ज्या बियाण्यामुळे फवारणी कमी होईल असे शेतकऱ्याला सांगितले गेले, त्याच बियाण्याच्या शेतात त्याला पाठीवर पंप घेऊन पुन:पुन्हा उतरावे लागले.

औषधे एकत्र का केली गेली? एका औषधाने कीड मरेना, तेव्हा दुसरे मिसळले गेले. ते मिसळण्याचा सल्ला कोणी दिला? बहुतेक गावांत शेतकऱ्याला हाताशी असणारा सल्लागार म्हणजे कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. तोच औषध विकतो, तोच मात्रा सांगतो आणि पुष्कळदा उधारीही तोच देतो. सल्ला देणाऱ्याचे उत्पन्न विक्रीवर अवलंबून असेल, तर सल्ला कोणत्या दिशेने झुकणार हे सांगण्यास तज्ज्ञाची आवश्यकता नाही. दुकानदारच सल्लागार का झाला? कारण गावपातळीवरील एका कृषी कर्मचाऱ्याकडे अनेक गावांचा भार असतो आणि त्याचा बराचसा वेळ पंचनामे, अनुदानाचे अर्ज व ऑनलाइन नोंदी यांतच जातो. बांधावर जाऊन कीड ओळखणारा आणि ‘आज फवारू नका’ असे सांगणारा सरकारी माणूस शेतकऱ्यास क्वचितच भेटतो.

ही साखळी इथवर आली की ‘मजुराने मुसके बांधले नाही’ हे कारण अगदी टोकावरची एक फांदी ठरते. मूळ फार खाली आणि अनेक दिशांनी पसरलेले असते. या पद्धतीचीही एक मर्यादा ध्यानी घेतली पाहिजे. ‘का?’ एकाच रेषेत विचारत गेले, तर एकच मूळ सापडल्याचा भास होतो. प्रत्यक्षात बियाणे, हवामान, औषध, पंप, सल्ला, मजुरीची पद्धत आणि रुग्णालय या साऱ्या वाटा एकाच वेळी एकत्र आल्या, म्हणून माणसे दगावली.

छिद्रे एका रेषेत येतात तेव्हा

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या दशकात मांडलेली एक उपमा अपघातशास्त्रात सर्वत्र वापरली जाते. कोणत्याही धोक्याच्या कामात संरक्षणाचे अनेक थर असतात आणि प्रत्येक थरात काही छिद्रे असतातच. एका थराचे छिद्र दुसरा थर झाकतो, म्हणून एरवी अनर्थ टळतो. सर्व थरांची छिद्रे एका रेषेत आली की धोका आरपार निघून जातो. शेवटच्या थरापाशी उभा असलेला कामगार डोळ्यांना दिसतो, म्हणून दोष त्याच्या वाट्यास येतो. त्याच्या मागील थर मात्र कोणी तपासत नाही.

भोपाळचे उदाहरण याच मातीतील आहे. ज्या कारखान्यातून २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला, तो कारखाना शेतीसाठीच कीटकनाशक बनवीत होता. कंपनीने पुढे एका असंतुष्ट कामगाराच्या घातपाताचा सिद्धांत मांडला. तथापि, त्या रात्री वायूची टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा कित्येक महिन्यांपासून बंद होती, वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती आणि वायू शोषणारी यंत्रणा एवढ्या मोठ्या गळतीपुढे निरुपयोगी ठरली. पाणी टाकीत कोणाच्या हातून गेले, या एका प्रश्नाभोवती चर्चा फिरत ठेवली की हे सारे थर का निकामी होते, हा प्रश्न बाजूला पडतो.

यवतमाळमध्येही थर होते. विषारी औषधांना नोंदणी देणारी केंद्रीय यंत्रणा हा पहिला थर. विक्रेत्याचा परवाना आणि त्याची तपासणी हा दुसरा, कृषी विभागाचे मार्गदर्शन हा तिसरा आणि रुग्णालयाकडून मिळणारी वेळीच सूचना हा चौथा. मजुराच्या तोंडावरचे मुसके हा सर्वांत शेवटचा, सर्वांत पातळ थर होता. चौकशीचा सारा भार याच थरावर टाकला गेला.

रुग्णालयाचा थर तर विशेष महत्त्वाचा. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील औषधे शरीरातील कोलिनएस्टरेज या विकराला निकामी करतात. त्यामुळे मज्जातंतूंचे संदेश थांबेनासे होतात, बाहुल्या आकसतात, लाळ व घाम सुटतो आणि शेवटी श्वसनाचे स्नायू थकतात. रक्तातील या विकराची तपासणी झाली, तर निदान लवकर होते आणि अॅट्रोपिनसारखे औषध योग्य मात्रेत देता येते. मात्र डायफेनथियुरॉनसारखी काही औषधे या वर्गातील नव्हेत. त्यांना हा उतारा लागू पडत नाही. अशी दोन-तीन औषधे एकत्र फवारलेला, डब्याचे नाव सांगू न शकणारा मजूर समोर आला की डॉक्टरही अंधारात चाचपडतात. यवतमाळच्या रुग्णांवर उपचार करताना विकराची ही साधी चाचणी सहजी उपलब्ध नसल्याची बाब तेव्हा ठळकपणे पुढे आली होती.

कीटकनाशकाच्या वापरातून झालेल्या प्रत्येक विषबाधेची खबर देणे बंधनकारक करण्याचा अधिकार १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या कलम २६ ने राज्य सरकारांना दिला आहे. यवतमाळमध्ये पहिल्या दहा-वीस रुग्णांनंतरच ही खबर कृषी विभागाला मिळाली असती आणि त्यांनी कोणती औषधे फवारली याची यादी झाली असती, तर पुढील कित्येक जीव वाचू शकले असते. मोठा अपघात होण्यापूर्वी लहान अपघात आणि थोडक्यात टळलेले प्रसंग घडत असतात. कारखान्यांत अशा प्रसंगांची नोंदवही ठेवली जाते. शेतात मात्र फवारणीनंतर भोवळ येणे, डोके दुखणे, रात्री उलटी होणे याला कोणी अपघात मानतच नाही. अंघोळ केली, लिंबूपाणी घेतले, सकाळी पुन्हा पंप पाठीवर घेतला, एवढ्यावर हा इशारा विरून जातो.

हडंब्याचा धडा

वाशीम हा प्रामुख्याने सोयाबीनचा जिल्हा. कारंजा, मानोरा, मंगरुळपीर या तालुक्यांत कपाशीही आहे. तथापि वाशीम, रिसोड, मालेगाव या पट्ट्यातील शेतकऱ्याचे वर्षाचे गणित सोयाबीनवरच बांधलेले असते. त्यामुळे फवारणीइतकाच येथे मळणीचा धोका मोठा. ट्रॅक्टरवर चालणाऱ्या मळणीयंत्राला, म्हणजेच हडंब्याला, पीक घालताना हात आत ओढला जाणे, फिरत्या दांड्यात साडीचा पदर किंवा धोतर अडकणे हे प्रकार येथील शेतकऱ्यांना अपरिचित नाहीत.

येथेही ‘का?’ विचारत गेल्यास उत्तर वेगळेच निघते. हात आत का गेला? पीक घालण्याचे तोंड आखूड होते वा त्यावरील झाकण काढलेले होते. झाकण का काढले? ओलसर पीक अडकते आणि झाकण असले की ते मोकळे करण्यात वेळ जातो. पीक ओलसर असताना मळणी का? परतीचा पाऊस डोक्यावर असतो. सुडी भिजली तर दाणा डागतो आणि बाजार समितीत भाव पडतो. वेळ वाचविण्याची घाई का? मळणीचा दर पोत्यावर ठरतो आणि भाड्याचे यंत्र एका शेतातून दुसऱ्या शेतात पळत असते, म्हणून काम रात्री बल्बच्या उजेडातही चालते. दिवसभर सोंगणी करून थकलेला मजूर रात्री यंत्रापुढे उभा राहतो. त्या क्षणी त्याचे लक्ष विचलित झाले, हे खरेच. पण त्याचे लक्ष विचलित होणारच, अशीच सारी रचना त्याच्याभोवती उभी केलेली असते.

हा धोका देशाला ठाऊक नव्हता असेही नाही. हरितक्रांतीनंतर पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश या राज्यांत मळणीयंत्रांनी असंख्य मजुरांचे हात घेतले, तेव्हा संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला. यंत्राची रचना सुरक्षित असावी, त्यावर सूचना असाव्यात आणि जखमी मजुरास भरपाई मिळावी, हा त्यामागील हेतू. भारतीय मानक संस्थेने मळणीयंत्राच्या सुरक्षिततेची मानकेही ठरविली. पीक घालण्याची पन्हळ पुरेशी लांब आणि वरून झाकलेली असेल, तर हात दातेरी ढोलापर्यंत पोहोचूच शकत नाही, हे त्यातील साधे तत्त्व. मजुराने सावध राहावे यासाठी शंभर फलक लावण्यापेक्षा एक झाकलेली पन्हळ अधिक उपयोगाची ठरते. ट्रॅक्टरच्या धुराची तपासणी होते, मग हंगामापूर्वी मळणीयंत्राच्या झाकणाची तपासणी का होऊ नये?

उपायांचा उलटा क्रम

सुरक्षाशास्त्रात उपायांची एक उतरंड मान्य झालेली आहे. धोका मुळातूनच काढून टाकणे हा सर्वश्रेष्ठ उपाय. ते शक्य नसेल तर धोकादायक वस्तूच्या जागी कमी धोक्याची वस्तू आणावी. त्यानंतर यंत्रात वा अवजारात सुधारणा, त्यानंतर कामाच्या पद्धतीत बदल आणि सर्वांत शेवटी हातमोजे-मुसके-चष्मा. आपल्याकडे ही उतरंड उलटी वापरली जाते. प्रत्येक हंगामाच्या तोंडावर सुरक्षा संचांचे वाटप होते, छायाचित्रे निघतात आणि पहिल्याच उकाड्यात ते संच घराच्या खुंटीवर लटकतात. भाद्रपदातील दमट उन्हात प्लास्टिकचा झगा घालून पाठीवर भरलेला पंप वाहणे काय असते, हे तो झगा वाटणाऱ्याने एकदा अनुभवून पाहण्याजोगे आहे.

ही अडचण जगाने केव्हाच ओळखली आहे. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कीटकनाशकविषयक आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत याबाबत स्पष्ट भूमिका घेतलेली आहे. ज्या औषधांच्या हाताळणीसाठी लागणारी संरक्षक साधने त्रासदायक, महाग वा सहज न मिळणारी असतील, ती औषधे उष्ण हवामानातील लहान शेतकरी व मजुरांच्या हाती देणे टाळावे, असे ती सांगते. म्हणजे मुसके न वापरल्याबद्दल मजुराला बोल लावण्यापूर्वी, मुसक्याशिवाय वापरताच न येणारे औषध त्याच्या हाती कसे आले, याचे उत्तर व्यवस्थेने द्यावयाचे आहे.

या दिशेने काही पावले पडली, पण ती अडखळत. यवतमाळच्या घटनेनंतर राज्याने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा व वाशीम या जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर साठ दिवसांची बंदी घातली. साठ दिवसच का? कारण कायद्याने राज्याला तात्पुरत्या बंदीचाच अधिकार दिला आहे, कायमचा निर्णय केंद्राकडे असतो. चौकशी पथकाने मोनोक्रोटोफॉसवर संपूर्ण बंदीची शिफारस केली होती. भाजीपाल्यावर या औषधाचा वापर २००५ पासूनच निषिद्ध होता. कपाशीसाठी ते सर्रास वापरले जाणारे त्याचे द्रावण रद्द करण्याचा केंद्राचा निर्णय २०२३ मध्ये आला. मध्ये सहा हंगाम गेले. याउलट श्रीलंकेने मोनोक्रोटोफॉस १९९५ मध्येच बंद केले होते. स्वित्झर्लंडने डायफेनथियुरॉन व प्रोफेनोफॉस यांसह पाच कीटकनाशकांची निर्यातही २०२१ पासून थांबविली. यवतमाळच्या काही पीडित कुटुंबांनी स्वित्झर्लंडमधील बासल येथे कंपनीविरुद्ध दाद मागितली आहे. कंपनीने आपल्यावरील आरोप नाकारले आहेत. निकाल काहीही लागो, यवतमाळच्या बांधावर सुरू झालेली ‘का?’ची साखळी बासलपर्यंत पोहोचू शकते, हे या कुटुंबांनी दाखवून दिले.

कारण लिहिण्यावर घर अवलंबून

कारणाचा शोध हा केवळ तज्ज्ञांच्या चर्चेचा विषय नाही. कागदावर कोणते कारण लिहिले जाते, यावर एखाद्या कुटुंबाचे पुढचे आयुष्य ठरते. विदर्भात विषबाधा म्हटली की आत्महत्येची शंका प्रथम येते. फवारणीतून झालेल्या विषबाधेची नोंद ‘विष प्राशन’ अशी झाली, तर वारसांच्या हाती अपघाताची मदत पडत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत जंतुनाशके हाताळताना झालेली विषबाधा समाविष्ट आहे आणि मृत्यू झाल्यास दोन लाख रुपयांची तरतूद आहे. मात्र त्यासाठी घटनेची नोंद, शवविच्छेदन अहवाल, रासायनिक विश्लेषण अशा कागदांची माळ जुळवावी लागते. पहिल्याच कागदावर चुकीचा शब्द पडला की पुढील सारे कागद त्याच वाटेने जातात.

त्याहून गंभीर बाब निराळीच आहे. ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यासाठी आहे. दुसऱ्याच्या शेतात मजुरीने पंप पाठीवर घेणारा भूमिहीन मजूर त्यात बसत नाही. धोका सर्वाधिक ज्याच्या पाठीवर, संरक्षण त्यालाच नाही, अशी ही उफराटी रचना आहे.

कामगार कायद्यांचाही त्यास फारसा आधार नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात शेतीतील कीटकनाशक फवारणी व यांत्रिक मळणी करणाऱ्या मजुरांचा समावेश होता. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. पण भरपाई द्यावयाची कोणी? तीन-चार एकरांचा कर्जबाजारी शेतकरी हाच येथे मालक असतो. त्याच्याविरुद्ध मजुराच्या विधवेने दावा लावावा, ही अपेक्षा दोन गरिबांना एकमेकांसमोर उभे करणारी आहे. व्यावसायिक सुरक्षा संहिता तर सर्वसाधारणपणे दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांचा विचार करते. चार मजूर लावणारे शेत तिच्या चौकटीत येत नाही.

याची तुलना याच जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाशी करून पाहावी. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळ या महामार्गाच्या पुलाचे काम सुरू असताना गर्डर उभारणारी यंत्रणा कोसळून वीस जणांचा मृत्यू झाला. त्या घटनेनंतर कंत्राटदार कोण, यंत्राची तपासणी कोणी केली, देखरेख कोणाची, हे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारले गेले. शेतात एकेकटा मरणारा मजूर मात्र बातमीच्या चार ओळींत संपतो. वीस माणसे एकाच पुलाखाली गेली तर ती दुर्घटना ठरते, वीस माणसे वीस शेतांत गेली तर तो वीस जणांचा निष्काळजीपणा ठरतो.

काय करता येईल?

विमान अपघातांची चौकशी जगभर एका तत्त्वावर चालते. चौकशीचा उद्देश पुढील अपघात टाळणे हा असतो, दोष वा दायित्व ठरविणे हा नसतो. दोष ठरविण्याचे काम पोलीस व न्यायालय निराळ्या मार्गाने करतात. माणसाला शिक्षेची भीती नसेल, तरच तो खरे सांगतो. कोणते औषध मिसळले, किती वाजता फवारले, डबा कोठून आणला हे मजुराने व शेतमालकाने मोकळेपणी सांगितले नाही, तर कारण कधीही सापडणार नाही.

वाशीमसारख्या सहा तालुक्यांच्या लहान जिल्ह्यात हे तत्त्व राबविणे अवघड नाही. फवारणीतील प्रत्येक विषबाधा व मळणीतील प्रत्येक गंभीर जखम यांसाठी एक छापील प्रश्नावली असावी. डॉक्टर, तालुका कृषी अधिकारी व तलाठी यांनी मिळून ती आठवड्याच्या आत भरावी. औषधाचे नाव, मिश्रण, पंपाचा प्रकार, पिकाची उंची, कामाचे तास, मजुरीची पद्धत, सल्ला देणारा आणि विक्रीची पावती, एवढे मुद्दे त्यात पुरेत. महिन्याकाठी त्या एकत्र ठेवून पाहिल्या, तर कोणते औषध, कोणता पंप वा कोणते यंत्र पुन:पुन्हा दिसते, हे सामान्य कारकुनालाही कळेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. गंभीर रुग्णाला अकोल्यास हलविण्याची जुनी वाट त्यामुळे जवळ यावी आणि विकराची तपासणी हंगामभर येथेच व्हावी, ही अपेक्षा वाजवी आहे. विक्रेत्याने औषधाबरोबर शिफारस लेखी द्यावी, पोत्यावर चालणाऱ्या मळणीला रात्रीची मर्यादा असावी आणि अपघात योजनेच्या यादीत भूमिहीन मजुराचे नाव यावे, हे त्यापुढील टप्पे होत.

यातील एकही उपाय खर्चिक नाही. खर्च आहे तो एका सवयीचा. पहिल्याच उत्तरापाशी थांबण्याची आपली सवय सोडावी लागेल. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द चौकशीच्या शेवटी न लिहिता प्रारंभी लिहिला आणि त्यापुढे ‘का?’ असा प्रश्न टाकला, तर निष्काळजीपणा नेमका कोणाचा होता, हे हळूहळू उलगडू लागते. पुढील हंगामात पाठीवर पंप घेऊन कपाशीत शिरणाऱ्या मजुराचा जीव त्या एका प्रश्नचिन्हावर अवलंबून आहे.